हव्वाबीवर गाणं झालं

हव्वाबी परकारला निवांत बसलेली पाहिल्याचं शारजाच्या रोला भागातल्या त्यांच्या बिल्डिंगीत कुणाला आठवत नव्हतं. तिला स्वतःलाही नाही. पण ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं तिला साठी उलटून गेली तरी कधी वाटलं नव्हतं. मासळीला खवले असतात, हव्वाबी उभी असते, यात सांगायचं काय? ते एका परक्या बाईनं माइकवरून सांगितलं, तेही तालासुरात, आणि तिथून घोळ सुरू झाला.

हव्वाबी दाभोळच्या खाडीकाठची. नवरा अन्वर शारजात जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डर होता. त्यानं बोलावलं तेव्हा कडेवर मुनीर आणि पिशवीत कोकमं घेऊन ती आली, ती इथलीच झाली. सुरुवातीला अन्वरच्या जोडीदारांना डबा द्यायची. मग जोडीदारांच्या बायका आल्या, त्या सांदणं मागायला लागल्या. पुढे कुणाचं बारसं, कुणाची मेहंदी, कुणाचा इफ्तार. लोक "हव्वाखालाचंच पाहिजे" म्हणायला लागले. अन्वर अचानक गेला. महिनाभर तिनं चुलीकडे पाहिलं नाही, आणि मग एका सकाळी उठून नारळ फोडला. मुनीर शिकला, हमरिया फ्री झोनमध्ये लागला, डॉकवर सुपरवायझर झाला. सून सुमैय्या एका शाळेच्या ऑफिसात. नात यम्ना नववीत. तिच्याशी मराठीत बोललं की उत्तर इंग्रजीत येतं, आणि दोघींचं त्यात काही अडत नाही.

त्या हिवाळ्यात सुमैय्याच्या डोक्यात आलं की अबुधाबीला, अल रीम आयलंडवर, दर शनिवारी संध्याकाळी पाण्याकाठच्या बागेत फूड फेस्टिवल भरतो, तिथं आपण स्टॉल टाकू. "अम्मी, तिथं सगळे प्रोफेशनल लोक राहतात. पुण्याचे, मुंबईचे. घावनं नि कोळंबीचं कालवण, पंचवीस दिरहॅम प्लेट."

"पंचवीस? म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये!" हव्वाबी म्हणाली. "सहाशे रुपयांत आमच्याकडे अख्खी वाडी जेवेल."

"अम्मी, रुपयांत मोजायचं नाही आता."

पण स्टॉल लागला. मुनीरनं गाडी भरली, दीड तास चालवली, टेबलं उघडली. फोल्डिंगच्या दोन खुर्च्या आणल्या होत्या. एकीवर सुमैय्याची पर्स आणि गल्ल्याचा डबा. दुसरीवर, सगळं मांडून झाल्यावर, मुनीर. हव्वाबी तव्यामागे उभी. ही रचना कुणी ठरवली नव्हती. ती आपोआप झाली, पाणी उताराला जातं तशी.

त्यांचा स्टॉल स्टेजच्या अगदी बाजूला होता. त्या दिवशी "सॉल्टवॉटर" नावाचा सहा जणांचा बँड गाणार होता. वेस्ट इंडिजचे लोक, थंडीचे दोन-अडीच महिने इकडे कार्यक्रम करत फिरणारे. मुनीरला त्यांच्यातल्या एकाचं वाद्य बघून गंमत वाटली. "अम्मी, हे तर आमच्या डॉकवरचं तेलाचं पिंप! वरून ठोकून खोलगट केलंय बघ." आणि त्या पिंपातून असा काही गोड, ओला आवाज निघाला की हव्वाबीला खाडीत पाऊस पडल्याचा भास झाला.

गाणारी बाई हव्वाबीच्याच वयाची. रुंद, काळीभोर, डोक्याला पिवळा रुमाल गुंडाळलेला. मिस ऑर्लीन. कार्यक्रमाआधी ती सरळ स्टॉलवर आली, दोन घावनं, कालवण, मग परत दोन घावनं खाल्ली, बोटं चाटली, आणि हव्वाबीकडे बघून म्हणाली, "थँक यू, आजी."

हव्वाबीचा हात हवेतच राहिला. यम्ना शेजारी प्लेटा लावत होती. "यम्ना, ही आजी म्हणाली?"

"येस दादी."

"हिला कुणी शिकवलं?"

यम्नानं खांदे उडवले. ऑर्लीन तोवर स्टेजवर पोचली होती.

मग गाणी सुरू झाली. पहिलं संथ होतं, आणि त्याचा ठेका हव्वाबीला कळेना. टाळी पडायला हवी तिथं मोकळं, नि मोकळं असायला हवं तिथं टाळी. चालताना पायरी चुकल्यासारखं होत होतं. पण थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपला उलथना नेमका त्या उलट्या जागी पडतोय. समोर अनुपमा नावाची बाई प्लेट घेऊन उभी होती. रीमवरच्याच टॉवरमध्ये राहणारी, मूळची पुण्याची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. ती समजावून सांगायला लागली, "हे रेगे, खाला. आणि वेगवान असतं ते कॅलिप्सो. नुसती नाचायची गाणी नाहीत हं. किनाऱ्यावर हॉटेल झालं आणि कोळ्यांच्या होड्या हटवल्या, साखर कारखाना बंद पडला, घरभाडं वाढलं, सगळ्यावर बोलतात. पोवाडा आणि भारूड एकत्र केलं असं समजा."

"होड्या हटवल्या?" हव्वाबी म्हणाली. तेवढं तिला नीट कळलं.

शेवटच्या गाण्यात ऑर्लीन आयत्या वेळी ओळी जुळवून समोरच्या लोकांवर गायला लागली. एका टकल्या साहेबावर एक कडवं झालं, एका सेल्फी काढणाऱ्या जोडप्यावर झालं. लोक हसत होते. हव्वाबी घावन उलटत होती, तोच कानावर "आजी" आलं. तिनं मान वर केली. ऑर्लीनचं बोट थेट तिच्याकडे होतं.

"चेअर फॉर द सन, चेअर फॉर द पर्स, आजी स्टँडिंग, अँड द फीट गेट वर्स!"

सगळी बाग वळली. दोन-तीनशे माणसांनी पाहिलं: खुर्चीत पर्स, खुर्चीत मांडीवर प्लेट घेतलेला मुनीर, आणि मधोमध उलथना धरून उभी हव्वाबी. हशा फुटला. टाळ्या पडल्या. लोक ओरडायला लागले, "आजी स्टँडिंग! आजी स्टँडिंग!" मुनीर ताडकन उठला, प्लेट सांडली. हव्वाबीला कळेना काय झालं, पण सगळे तिच्याकडे बघून हसत होते म्हणून तीही हसली, आणि हसता हसता मुलाचं तोंड पाहून थांबली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ शारजात, दुबईत, दाभोळला, खेडला, सगळीकडे पोचला होता.

"ही बेइज्जती आहे," मुनीर म्हणाला. तो पाच दिवस डॉकवर उभा असतो, शनिवारी एवढं ओझं उचलून, गाडी चालवून जरा टेकला होता. "त्या बाईनं माझा आठवडा पाहिला का? दहा मिनिटं पाहिली आणि गाणं केलं."

"आणि माझी पर्स!" सुमैय्या म्हणाली. "पर्समध्ये गल्ल्याच्या किल्ल्या होत्या. मी अम्मीला किती वेळा म्हटलं, बसा. म्हटलं की नाही, अम्मी?"

"म्हटलंस गो," हव्वाबी म्हणाली. आणि ते खरंच होतं.

दुपारी गावाहून मोठ्या नणंदेचा फोन आला. ती रडतच होती. "हव्वा, तुला उभं ठेवतात गो तिकडे? माझा भाऊ असता तर..."

"कोण ठेवतंय? मी राहते."

"तू सोसतेस, म्हणून असं बोलतेस."

फोन ठेवल्यावर हव्वाबी बराच वेळ ओट्याशी उभी राहिली, आणि आपण उभ्या आहोत हे तिला आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं. हे म्हणजे जिभेकडे लक्ष गेल्यासारखं झालं. एकदा गेलं की ती तोंडात मावेनाशी होते.

सोमवारी अनुपमाचा फोन आला. "खाला, तुमच्यावर गाणं झालं! केवढा मान! बायकांच्या अनपेड लेबरवर इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं."

"ते काय असतं?"

"म्हणजे बायका राबतात आणि त्यांना मोबदला मिळत नाही."

"पण पैसे तर मीच घेते," हव्वाबी गोंधळून म्हणाली. "तुम्हीच दिलेत की."

"हो, पण... व्यापक अर्थानं."

व्यापक अर्थ हव्वाबीला सापडेना. तिनं यम्नाला विचारलं, "तू सांग, ती मला चांगलं बोलली की वाईट?"

"इट्स अ कॉम्प्लिमेंट, दादी. यू आर फेमस."

"मग तुझा बाबा का जेवत नाही?"

"बिकॉज ही वॉज इन द चेअर."

त्याच रात्रीच्या जेवणाला मुनीरनं फर्मान काढलं: "अम्मी, आजपासून तू आमच्याबरोबर बसून जेवायचं. आणि शनिवारी स्टॉलवर यायचं नाही. सुमैय्या आणि मी बघू. तू आराम कर. खलास."

हव्वाबी बसली. भाकरी समोर होती, कालवण समोर होतं, माणसं समोर होती. पण हातांचं काय करावं ते तिला सुचेना. मीठ आणायला उठली, "बस!" म्हणून तिघं ओरडली. पाणी आणायला उठली, पुन्हा "बस!" मग ती नुसती बसून राहिली, परक्याच्या लग्नात आल्यासारखी. माहेरी बायका मागाहून जेवायच्या. तेव्हा तिला राग यायचा का? आठवेना. लग्नानंतर अन्वर म्हणायचा, "ये, बरोबर जेवू," आणि ती म्हणायची, "तुम्ही सुरू करा, गरम गरम वाढते." म्हणजे कुणी उभं केलं नव्हतं. पण मग बसायचं कसं ते तिला का येत नव्हतं? त्या बाईला एका नजरेत काय दिसलं, जे तिला स्वतःला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं? की मुळात तसं काही नव्हतंच, आणि गाणं ऐकून आता दिसायला लागलं होतं?

आणि सगळ्यात न कळण्यासारखं हे की गाणं तिच्या बाजूनं होतं म्हणे, आणि त्यानं तिचाच तवा काढून घेतला होता.

बुधवारी ती सुमैय्याला म्हणाली, "मला त्या बाईला विचारायचंय."

तिला वाटलं होतं सून नाही म्हणेल. सुमैय्यानं गाडीची चावी उचलली. "मलाही विचारायचंय," ती म्हणाली.

यम्नानं मोबाइलवर शोधून काढलं: बँड दुबईत रास अल खोरला एका वेअरहाउसमध्ये सराव करतो. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं, टायरांचे ढीग, आणि त्यातल्या एका शटरमागून तो पिंपाचा ओला आवाज. तिघी आत शिरल्या तसा सराव थांबला. ऑर्लीननं हव्वाबीला ओळखलं, "आजी!" म्हणून ओरडली, आणि धावत जाऊन खुर्ची घेऊन आली.

हव्वाबी खुर्चीकडे बघत उभी राहिली. बसावं तर गाणं खरं ठरतं. न बसावं तरी खरंच ठरतं. ती काही बसेना, म्हणून ऑर्लीनही बसली नाही. मधे खुर्ची आणि दोन्ही बाजूंना दोघी म्हाताऱ्या.

"विचार तिला," हव्वाबी यम्नाला म्हणाली, "माझ्यावर दया करून गायलीस, की चेष्टा करून?"

यम्नानं विचारलं. ऑर्लीन बरंच बोलली, हात हलवत, मधेच हसत, मधेच गंभीर होत. यम्ना ऐकत राहिली आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "दादी, ती म्हणते, साँग तुझ्याबद्दल आहे, पण तुझ्याबद्दल नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे... ते सगळ्या ग्रँडमदर्सबद्दल आहे. बट ऑल्सो यू. अँड द चेअर वॉज फनी."

"आणि आजी हा शब्द तिला कुठनं?"

पुन्हा बोलणं झालं. ऑर्लीनच्या बेटावर पूर्वी ऊस तोडायला हिंदुस्थानातून माणसं गेली होती. त्यांच्या घरांत बापाच्या आईला आजी म्हणतात. ऑर्लीनच्या शेजारी अशीच एक आजी होती. हव्वाबी थक्क झाली. आपण विमानात बसून एवढ्या लांब आलो असं तिला वाटायचं. आणि आजी हा शब्द बोटीत बसून कधीचाच जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

मग सुमैय्या पुढे झाली आणि तिच्या ऑफिसच्या इंग्रजीत चांगलं खणखणीत बोलली. माझा नवरा आठवडाभर उभा असतो. माझ्या पर्सनं तुमचं काय बिघडवलं होतं? तुमच्या गाण्यामुळे माझ्या सासूचं काम सुटलंय. ऑर्लीनचं हसू मावळलं. तिनं रुमाल सोडला, परत बांधला. मग हव्वाबीकडे बघून हळूहळू काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते," यम्नानं सांगितलं, "आमच्याकडे ज्याच्यावर गातात तो गाऊन आन्सर देतो. नाहीतर साँग अर्धं राहतं. ती म्हणते, शनिवारी ये आणि आन्सर दे."

"अय्या!" हव्वाबी म्हणाली. "हे तर आपल्या लग्नातलं!"

कारण हे तिला माहीत होतं. गावात हळदीच्या रात्री नवरीकडच्या बायका नवऱ्याकडच्यांना गाण्यातून टोमणे मारायच्या, आणि तिकडून उलट उत्तर यायचं. विहिणीच्या नाकापासून व्याह्याच्या कंजूषपणापर्यंत काही सुटायचं नाही. हव्वाबीच्या जिभेला तिथं धार होती. इथं फ्लॅटमध्ये, डीजे लावणाऱ्या लग्नांत, ते सगळं कधी मागं पडलं हे कळलंही नव्हतं. परतताना गाडीत ती काहीतरी पुटपुटत होती, आणि सुमैय्यानं रेडिओ बंद केला.

मुनीर आधी नको म्हणाला, मग ऐकून घेतलं, मग "काय करायचं ते करा" म्हणाला. शनिवारी खुर्च्या त्यानं गाडीत ठेवल्याच नाहीत. त्यामुळे सगळेच उभे राहिले.

शेवटचं गाणं आलं. ऑर्लीननं हात पुढे केला. हव्वाबी ओढणी नीट करत स्टेजच्या तीन पायऱ्या चढली. माइक जड होता. खाली दिवे, पाणी, माणसं. बँडनं ठेका धरला, आणि तिनं दोनदा सुरुवात चुकवली, कारण टाळी तिच्या जागी पडेना. मग ड्रमवाल्यानं तिच्या पायाकडे बघून आपला हात थांबवला आणि तिच्या पायानं ठेका द्यायची वाट पाहिली. ती गायली:

"गाणारणी बाई, तुझा गळा मोठा गो,
पाहिलेस माझे पाय, नाही पाहिलास ओटा गो.
खुर्चीत मी बसले तर घावनं करपतील सारी गो,
पोट भरून जेवलीस, नि वर माझीच चहाडी गो!"

मराठी लोक बागेत विखुरलेले होते. ते हसले, तेव्हाच कळलं की किती होते. अनुपमा तर डोळे पुसत होती. बाकीची माणसं नुसत्या ठेक्यावर डोलली आणि "आजी! आजी!" करत राहिली. ऑर्लीन मात्र तोंडभर हसत, काही न समजता, इकडेतिकडे बघत होती. गाणं संपताच तिनं खाली वाकून अनुपमाला विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

अनुपमानं विचार केला आणि इंग्रजीत सांगितलं की त्या तुमचे आभार मानताहेत.

ऑर्लीननं हव्वाबीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं आभाराचं काही दिसेना. मग तिनं मुनीरकडे पाहिलं. तो पोट धरून हसत होता. "थँक यू?" ती म्हणाली, प्रश्न विचारल्यासारखी. हव्वाबीनं तिच्या गालाला हात लावला आणि पायऱ्या उतरली. उतरताना डावा गुडघा ठणकला, इतका की तिला दांडी धरावी लागली. म्हणजे बाई खरं बोलली होती की काय? पण आताच तर आपण भर सभेत तिला खोटं पाडलं. हव्वाबी तव्याकडे परत गेली आणि पुढची दोन घावनं खरोखरच करपली.

रविवारी सकाळी नवा व्हिडिओ पोचल्यावर नणंदेचा फोन आला. या वेळी ती रडत नव्हती, चिडली होती. "स्टेजवर चढलीस? या वयात?" मागच्या आठवड्यात कीव करण्याजोगी असलेली आपण सात दिवसांत निर्लज्ज कशा झालो, हे हव्वाबीला उमगेना. तिनं "नेटवर्क नाही" म्हणून फोन ठेवला.

मुनीर चहा पीत ओट्याला टेकून उभा होता.

"अम्मी, खरं सांग. पाय दुखतात का तुझे?"

हव्वाबी नारळ किसायची थांबली. नाही म्हणायची सवय होती, ते ओठांवर आलंही. पण या आठवड्यात इतक्या लोकांनी तिच्या पायांबद्दल इतकं सांगितलं होतं की तिचं स्वतःचं मत काय, ते तिला पायांनाच विचारावं लागलं.

"दुखतात," ती म्हणाली.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुझे दुखतात?"

मुनीरनं कप खाली ठेवला. "डॉकवरून आल्यावर... हो. दुखतात."

"मग तू कधी बोललास?"

"माझी कंबर," सुमैय्या दारातून म्हणाली.

यम्नानं कानातला इअरफोन काढला आणि तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "व्हाय इज एव्हरीबडी कम्प्लेनिंग? इट्स संडे."

हव्वाबीला हसू आलं. तिनं खवणी मुनीरपुढे सरकवली.

"घे," ती म्हणाली. "उरलेला तू किस. उभा राहून नको किसूस, सांडतं."